गुळाच्या अंगातली हाडळ

हाडळ खरी ठरण्यात केशरबाईचा फायदा होता, आणि तो थोडाथोडका नव्हता. दोन वर्षांपूर्वी सुनेच्या, रुख्मिणीच्या, पोटात अडकून मेलेलं पहिलं लेकरू हाडळीनंच खाल्लं असं एकदा ठरलं, की मग "पोट वाजवीपेक्षा मोठं दिसते, दवाखान्यात न्या" असं नर्सबाई सांगत असताना "आमच्या घरात बायका घरीच बाळंत होतात" असं ज्या बाईनं ऐकवलं, ती केशरबाई सुटणार होती. कळा लागल्यावर दीड दिवसानं बैलगाडी जुंपणारा तिचा मुलगा जानराव सुटणार होता. सुईण सुटणार होती. भुताचा हा मोठाच उपयोग असतो. माणसांच्या चुका ते बिनतक्रार आपल्या अंगावर घेतं आणि साक्षीला कधी येत नाही.

म्हणून चौऱ्याहत्तर सालातल्या त्या गुरुवारी सावळीच्या महादेवाच्या पारापुढे जी गर्दी जमली होती, तिच्यात केशरबाई अगदी पुढे बसली होती. बाजूला सात महिन्यांची पोटुशी रुख्मिणी, मागे जानराव. जऊळक्याच्या स्टेशनावरून माणसं पायी आली होती, रिसोडकडून गाड्या जुंपून आली होती. लिंबाच्या झाडावरसुद्धा माणसं बसली होती. इतकी माणसं गावात लसीच्या दिवशी कधी जमली नव्हती.

देवमन महाराजांनी हातातली बाटली उन्हात धरली. आतलं पाणी निळंशार.

"हे काय हाये? शाई हाये? नीळ हाये? नाई, बाप्पा! शंभूनं हलाहल पेलं, गळा निळा झाला, त्या गळ्याचा हा घाम हाये! बाई पवित्र असंल त हे तीर्थ निळंच्या निळं राह्यते. अंगात हाडळ असंल त अग्नी पाह्यल्याबरोबर लाल होते. खोटं निंघालं त माही जीभ झडो!"

जीभ झडली नाही. तिला सवय होती.

रुख्मिणीच्या लघवीची लोटी फडक्याखाली झाकून पारावर नेली गेली. महाराज तिला देहगंगा म्हणत. एरवी ती लोटी कोणी पारावर चढवली असती, तर गावानं त्याचे हात मोडले असते. पण नाव बदललं की विटाळ फिटतो. महाराजांनी काचेच्या नळीत तीर्थ घेतलं, वरून देहगंगेचे आठ-दहा थेंब टाकले आणि चिमट्यानं नळी धुनीवर धरली. निळ्याचं हिरवं झालं. हिरव्याचं पिवळं झालं. बघता बघता नळीत भाजलेल्या विटेसारखा लाल गाळ उतरला.

"निंघाली!" महाराज ओरडले. "पयलं लेकरू खाल्लं इनं! आता दुसऱ्यावर बसली!"

गर्दीतून हंबरडा उठला. केशरबाईच्या छातीवरचा दोन वर्षांचा दगड खाली आला आणि तिथून तो थेट रुख्मिणीच्या पाठीवर गेला.

महाराजांचा चेला रामकिसन अंबाडीचा दोर पाण्यात भिजवूनच आणत असे. ओला दोर जास्त लागतो, हे शास्त्र त्याला ठाऊक होतं. जानरावनं बायकोचे दोन्ही हात मागे धरले. पहिल्या फटक्याला चोळी फाटली, तिसऱ्याला कातडी.

"आत्याबाई, पोटात लेकरू हाये! अवं, सांगा ना यायले!"

"हे रुख्मिणी नाई बोलून राह्यली," महाराज म्हणाले, "हे हाडळ बोलून राह्यली. हाण!"

मिरच्यांची धुरी दिली. खोकता खोकता रुख्मिणी ओकली, तेव्हा लोक म्हणाले, हाडळ घशापर्यंत आली. मग धुनीतली लोखंडी पळी निघाली आणि तिच्या दोन्ही तळपायांना लागली. मांस जळल्याचा वास पारापासून विहिरीपर्यंत गेला. केशरबाईनं फटके मोजले होते, सतरा. सुनेकडे मात्र ती बघत नव्हती. ती नळीकडे बघत होती.

रुख्मिणीची शुद्ध हरपली तेव्हा महाराजांनी नवी नळी घेतली, त्याच लोटीतले थेंब टाकले आणि नळी उंच धरली. तीर्थ निळंच्या निळं!

"आता अग्नी नोको," त्यांनी बजावलं. "देवी निवली हाये. एकवीस दिस रोज वाटीभर गुळाचा शिरा, हा प्रसाद. आन् दवाखान्याचा वारा लागू द्याचा नाई. सुई पाह्यली का हाडळ उलटते."

हरहर महादेव झालं. रुख्मिणीला खाटेवर घालून घरी नेलं.

चौथ्या दिवशी नर्सबाई दारात आली. अंजना तिचं नाव. जऊळक्याच्या बौद्धवस्तीतल्या मजुराची मुलगी, शिकून सरकारी नोकरीला लागलेली. पाचव्या महिन्यात रुख्मिणीची लघवी तपासून तिनंच सांगितलं होतं, "लघवीत साखर हाये. काई बायायले पोटुशेपणातच होते. गोड बंद करा, आन् दर पंधरा दिवसानं तपासू. एकडाव तपासून भागत नाई. साखर चढते, उतरते, आन् लेकरू फुगत जाते. शेवटी अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात न्या लागंन." चार पंधरवडे झाले, रुख्मिणी फिरकली नव्हती.

"आमची हाडळ उतरली," जानराव दारातूनच म्हणाला. "तीर्थ निळं राह्यलं, पुऱ्या गावानं पाह्यलं. तू कायले आली?"

"निळं राह्यलं असंल त चांगलंच झालं, भाऊ. मले परत एकडाव पाहू द्या."

"परत? देवाची परीक्षा घेतं?"

त्यानं तिला ढकललं. अंजनाचं कपाळ चौकटीवर आपटलं, रक्त भुवईवरून डोळ्यात उतरलं. जानरावनं पिशवीला लाथ घातली, आतलं काचसामान फुटलं. ती उठली, पदरानं कपाळ दाबलं आणि निघून गेली.

काचा वेचायला केशरबाई वाकली आणि तशीच राहिली. शेणानं सारवलेल्या अंगणात निळं पाणी पसरलं होतं. निळंशार. शंभूच्या गळ्याचा घाम सरकारी पिशवीत कसा आला, हे तिला कळेना. ही गोष्ट तिनं कोणाला सांगितली नाही.

केशरबाई भोळी नव्हती. घरातल्या भाकरी आणि गोठ्यातल्या गोवऱ्या ती न बघता किती ते सांगू शके. अशा बाईला न जुळणारी गोष्ट दिसली, की झोप लागत नाही. इथे तर एकही गोष्ट जुळत नव्हती. हाडळ उतरली, तर सून रोज घागरभर पाणी एकटी कशी पिते? अकरा दिवस हळद लावूनही तळपायाचे डाग सुकत का नाहीत? बाराव्या दिवशी उजव्या पायाच्या बोटांतून पू आला. आणि न्हाणीच्या दगडावर, रुख्मिणी बसून उठली की, मुंग्यांची रांग लागे. केशरबाई स्वतः बसून उठली, तर एक मुंगी येत नसे. मुंग्या काही महाराजांच्या नादी लागलेल्या नव्हत्या.

शिऱ्याची वाटी पुढे करताना ती सुनेला म्हणाली, "खाय. प्रसाद हाये."

"खातो," रुख्मिणी भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "नाई खाल्लं त आणखीन माराल."

त्या दुपारी केशरबाई एकटी जऊळक्याला चालत गेली.

अंजनाच्या कपाळावर पट्टी होती. तिनं पाण्याचा गिलास पुढे केला. जन्मात त्या वस्तीत पाणी न प्यालेली बाई तो गिलास एका दमात प्यायली.

"पोरी, एकच सांग. तुह्या शिशीतलं निळं आन् महाराजाचं निळं, एकच हाये का?"

"मावशी, तो देवमन रिसोडात एका डॉक्टरच्या घरी नळ्या धुवाले होता. बाटल्या घेऊन पळाला. तीर्थ नोहे ते, साखर तपासाची दवा हाये."

"मंग मारल्यावर निळं कसं राह्यलं?"

"दुसऱ्या डाव त्यानं ते तापवलं का?"

केशरबाईच्या डोळ्यांपुढे ती उंच धरलेली नळी आली. आता अग्नी नोको.

"तापवल्याबिगर ते लालच होत नाई, मावशी. साखर असो का नसो."

"जानराव तुहं ऐकाचा नाई. माहं बी नाई. डोयानं पाह्यलं तरच ऐकंन."

"मंग दाखवू. पण लवकर. बोटायत पू झाला म्हणता, असं चाललं त लेकरू बी जाईन आन् रुख्मिणी बी."

पुढच्या गुरुवारी केशरबाईनं सुनेला गाडीत घालून पारावर आणलं. जानरावला वाटलं, आई नवस फेडायला आली. गर्दी तितकीच होती. रामकिसन दोर भिजवत होता; गोजरा नावाची एक पोटुशी पोरगी पारापुढे थरथरत बसली होती.

"महाराज," केशरबाई मोठ्यानं म्हणाली, "आधी आमचं पाहा. त्या दिसासारखंच. पण यावेळी धुनीवर धरा."

"बाई, निवलेल्या देवीले अग्नी दाखवाचा नसते. भस्म होसान!"

"होतो मी भस्म. म्हातारीच हाये. द्या नळी."

लोक हसले, आणि त्या हसण्यात तिनं नळी हातातून घेतलीसुद्धा. सोबत आणलेल्या लोटीतले रुख्मिणीचे थेंब टाकून तिनं ती धुनीवर धरली. हिरवं, पिवळं, आणि पहिल्यापेक्षा गडद लाल.

"परत आली!" महाराज गरजले. "म्या म्हनलं होतं! रामकिसन, आन दोर!"

जानराव बायकोचे हात धरायला पुढे झालाही. इतकी त्याला आता सवय झाली होती.

"हात लावशीन त माय मेली समज," केशरबाई म्हणाली. "तिथंच उभा राह्य. पाह्य."

अंजना गर्दीतून पारावर चढली. तिनं दोन नळ्यांत तेच तीर्थ ओतलं. पहिलीत विहिरीचं पाणी टाकून तापवलं, उकळलं तरी निळंच. मग प्रसादाच्या परातीतला गुळाचा खडा केशरबाईनं वाटीभर पाण्यात विरघळवला, दुसऱ्या नळीत त्याचे थेंब टाकले आणि नळी जानरावच्या हातात दिली.

"तू धर. माह्या हातात जादू हाये म्हनशीन."

नळी निखाऱ्यावर गेली. हिरवी झाली. पिवळी झाली. जानरावच्या हातात लाल झाली.

केशरबाईनं परातीतली गुळाची ढेप उचलून महाराजांच्या पुढ्यात आदळली.

"घ्या. हाडळ याच्या बी अंगात हाये. याले झोडपा. याच्या पायाले डाग द्या!"

झाडावरचा कोणीतरी खदखदून हसला. तेवढ्यात रामकिसननं दोराचा फटका अंजनाच्या तोंडावर ओढला. ओठ फाटला. दुसरा फटका पडायच्या आत जानरावनं दोर हिसकला आणि महाराजांवर तुटून पडला. मग गाव तुटून पडलं. महाराजांचा दात पडला, बरगडी मोडली, जटा उपटल्या गेल्या. त्या निम्म्या खोट्या निघाल्या. जीभ तेवढी शाबूत होती, आणि ती आता "मारू नोका, मायबाप" म्हणत होती. दोनच गुरुवारांपूर्वी याच दोरानं, याच हातांनी, याच उत्साहानं एका बाईला मारलं होतं, याची आठवण गर्दीतल्या एकालाही झाली नाही. गर्दीला मार हवा असतो. पाठ कोणाची ते ती विचारत नाही.

"बंद करा!" अंजना रक्त थुंकून ओरडली. "त्याले मारून बाईची साखर उतरते का? तिले मारून उतरली नाई, त्याले मारून बी उतरनार नाई! भाऊ, दोर टाका. बैल जुंपा. गाडी भेटली त रातच्याले अकोला!"

जानरावच्या हातातला दोर गळाला.

स्टेशनापर्यंतच्या वाटेत केशरबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "पयल्या डाव गाडी म्या जुंपू देली नाई," ती म्हणाली. "हाडळ कोणतीच नोहती. मी होतो."

रुख्मिणीनं डोळे उघडले नाहीत. "मले ठाऊक होतं, आत्याबाई," ती म्हणाली.

अकोल्यात पाच आठवडे इन्शुलिनची सुई चालली. रोज तपासणी, रोज वेगळा आकडा, त्याप्रमाणे रोज वेगळी मात्रा. दिवस भरायच्या तीन आठवडे आधी डॉक्टरांनी पोट कापून मुलगी काढली. ती रडली. बाळंतपणानंतर सहाव्या आठवड्यात रुख्मिणी स्वतः लंगडत तपासायला गेली. साखर उतरली होती. "उतरली म्हणून विसरायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "वर्षाला एकदा तपासायचं." ती जात राहिली.

वाचकहो, शास्त्र आणि बुवाबाजी यांतला फरक ओळखायला फार शिकावं लागत नाही. खरी तपासणी करणारा म्हणतो, पंधरा दिवसांनी परत या, पुन्हा पाहू, चुकलो असेन तर कळेल. बुवा म्हणतो, आता अग्नी नको. जो पुन्हा बघू देत नाही, त्याच्या हाती लेकीसुना देऊ नका.

आता कोणी काय भरलं ते सांगून टाकतो. देवमन महाराजांनी एक दात, एक बरगडी आणि आठ महिन्यांचा तुरुंग भरला. सुटल्यावर तो दूर मानोऱ्याकडे दिसला, असं म्हणतात. रामकिसननं काहीच भरलं नाही. तो त्या गर्दीत गर्दी होऊन निसटला. अंजनानं कपाळावरचा एक आणि ओठावरचा एक व्रण भरला, आणि सरकारनं तिच्याकडून फुटलेल्या काचसामानाचा खुलासा मागितला. जानराव त्यानंतर कधी बायकोच्या डोळ्याला डोळा देऊ शकला नाही. तिनंही तसा आग्रह धरला नाही. केशरबाईला मोकळं सुटायचं होतं, ते साधलं नाही. झाडावर बसलेल्यांचं काहीच गेलं नाही. बाकी सगळं रुख्मिणीनं भरलं: एक लेकरू, पाठीवर सतरा वळ, दोन तळपाय, आणि उजव्या पायाची सडलेली दोन बोटं, जी अकोल्यात कापावी लागली. यातल्या एकाही गोष्टीत तिची चूक नव्हती.