धुक्यातली बिडी

माणूस बरा झाला की नाही हे डॉक्टरला विचारावं. बरा झाल्याचं सोंग करतोय का, हे माझ्यासारख्याला. एकतीस वर्षं वनखात्यात वॉचर होतो. रानात कोण शिरलं, किती वेळ थांबलं, बाहेर पडताना हातात काय होतं, हे वहीत लिहायचं काम. रिटायर झालो त्याच साली डॉक्टर पूर्णिमांनी कणकुंबीच्या वरच्या अंगाला शिबिर काढलं आणि मला बोलावून घेतलं. म्हणाल्या, "भरमाण्णा, तुम्ही तेच करा. जनावरांच्या जागी माणसं, एवढाच फरक."

फरक आहे. जनावर लपवायला बघतं, माणूस दाखवायला.

शिबिर पाच दिवसांचं. गोळ्या ज्याच्या त्यानं घ्यायच्या, बाकी उपचार रानाचा. अनवाणी चालायचं, ओढ्यात पाय सोडून बसायचं, आपली भाकरी आपण थापायची, आणि चौथ्या दिवशी एकांत, म्हणजे सकाळपासून जेवणवेळेपर्यंत एकेकट्यानं एकेका झाडाखाली बसून राहायचं. मोबाईल पहिल्याच दिवशी पत्र्याच्या पेटीत. डॉक्टरबाई धारवाडच्या, कानडी घरातल्या. मराठी शिकून घेतलीय, नीट बोलतात, पण घाई झाली की पाय घसरावा तशा कानडीवर उतरतात. मला त्यांनी एकच सांगितलेलं: "ते काय सांगतात ते मी ऐकते. काय करतात ते तुम्ही लिहा."

ऑगस्टातल्या त्या तुकडीत सहाजण होते. त्यातला विक्रम बेळगावच्या उद्यमबागेतला कारखानदार. त्याची झोप उडालेली. वहीत त्याची पहिल्या दिवसाची नोंद: 'मोबाईलच्या पेटीभोवती नऊ फेऱ्या. दहाव्यांदा पेटीवर बसला.' त्याच पानावर खाली सुनयनाची नोंद: 'हसली. जळू चिकटली तरी हसली. खोलीचं दार उघडं ठेवून झोपली.'

सुनयना निपाणीची. वय बत्तीस, बेळगावच्या एका खाजगी दवाखान्यात एक्स-रे काढायच्या कामावर. आल्या आल्या "जय भीम, अण्णा" म्हणाली आणि पिशवी स्वतःच उचलून आत गेली. तिचं दुखणं डॉक्टरबाईंनी मला सांगितलं ते एवढंच, की वर्षापूर्वी दवाखान्याच्या लिफ्टमध्ये पाऊण तास अडकली, आणि तेव्हापासून बंद दारामागं तिला श्वास पुरत नाही. एक्स-रेच्या खोलीचं दार शिसं घातलेलं असतं, लावल्याशिवाय मशीन चालवता येत नाही. काही महिने तिनं कसेबसे रेटले, पण गेले दोन महिने दवाखान्यानं तिला बाहेर काउंटरला नंबर वाटायला बसवलं होतं. आता येत्या सोमवारी 'आत काम करू शकते' अशी डॉक्टरची चिठ्ठी आणायची, नाहीतर त्या खोलीत दुसरा माणूस.

आता मला सांगा, बंद दाराला भिणारी बाई उघड्या रानात आणून सोडली तर ती रडेल कशाला? सहाजणांत हीच पहिल्या नंबरची. अनवाणी चालण्यात पुढं, ओढ्यात सगळ्यांच्या आधी. विक्रमला म्हणायची, "साहेब, झाडाला मिठी मारा, बिल येत न्हाय त्याचं." डॉक्टरबाई खूश. माझी वही खूश नव्हती. दुसरा दिवस: 'दार उघडं.' तिसरा दिवस: 'न्हाणीला दाराऐवजी ओढणी.' चौथ्या दिवशी सकाळी: 'दार उघडं. पावसाची झड आत येऊन अंथरूण भिजलं. तरीही उघडं.'

बोलायचं काम माझं नाही.

चौथ्या दिवशी एकांत. सुनयनाला वरच्या सड्याजवळचं, म्हणजे उघड्या कातळपठाराजवळचं एक जांभळीचं झाड दिलं होतं. समोर सगळं मोकळं, अगदी गोव्याकडच्या डोंगरापर्यंत नजर जाते. तिनंच मागून घेतलेलं. विक्रमला ओढ्याकाठी बसवला, मोबाईलच्या पेटीपासनं सगळ्यात लांब म्हणून.

दहाच्या सुमारास धुकं चढलं. आमच्याकडं पावसाळ्यात धुकं येतं, त्याचं नवल नाही. पण काही वेळा ते खालून दरीतनं वर येतं आणि हात लांब केला तर पंजा दिसत नाही. तसलं आलं. डॉक्टरबाईंनी शिटी मारली, मी दोर घेतला, आणि एकेकाला झाडाखालनं गोळा करत निघालो. पाचजण मिळाले. विक्रम दगडाला टेकून घोरत होता. महिनाभराची झोप त्याला त्या धुक्यात सापडली.

वर गेलो तर सुनयना जांभळीला चिकटलेली. दोन्ही हातांनी बुंधा आवळलेला, गाल सालीवर, डोळे मिटलेले. श्वास असा, की दोन घेतले तर एक सोडते. समोरचा डोंगर नाही, दरी नाही, चारी बाजूंनी पांढरं. मोकळ्यावर पळून आली होती, तर रानानंच दार लावून घेतलं.

"सुनयना, मी आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हात सैल करा. माझ्याबरोबर चला."

बाईंनी मनगट धरलं तर तिनं बुंधा जास्तच आवळला. नखाखालनं रक्त निघालं. मीही एक हात सोडवायचा प्रयत्न केला. बत्तीस वर्षांच्या बाईच्या हातात एवढी ताकद असते हे मला माहीत नव्हतं.

मग डॉक्टरबाई घाबरल्या आणि घसरल्या कानडीवर. "कै बिडी! सुनयना, बिडी! बिडी, बिडी, बिडी!"

कानडीत 'कै' म्हणजे हात, 'बिडी' म्हणजे सोडा. हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही कळतं.

सुनयनाचे हात सुटले. बुंध्यावरून खाली आले आणि छातीसमोर थांबले. डावा पंजा पसरला. उजव्या चिमटीनं त्यावर काहीतरी भुरभुरलं. दोन्ही अंगठे जवळ आले, बोटं गोल फिरली, एका नखानं टोक आत दाबलं, मग करंगळीजवळनं एक दोरा ओढून दोन वेढे. झालं. पुन्हा पंजा पसरला. हातात ना पान, ना तंबाखू, ना दोरा. पण बोटं अशी चालत होती, की मला वास आला. तिसऱ्या-चौथ्या वेळेला श्वासही बोटांच्या चालीवर आला. मग ती आपली आपण चालायला लागली, हात तसेच छातीसमोर फिरवत, आणि दोराच्या आधारानं खाली आली.

डॉक्टरबाईंच्या डोळ्यांत पाणी. "बघितलंत, भरमाण्णा? माझ्या एका शब्दावर सोडलं तिनं!" खाली आल्या आल्या त्यांनी तिचा कागद काढून त्यावर तसंच लिहिलं आणि खाली चिठ्ठीही लिहून टाकली. आत काम करू शकते. सही तेवढी राहिली. ती उद्या सकाळी माझी वही वाचून झाल्यावर.

मी निपाणीला दोन वर्षं नोकरी केली आहे. त्या बोटांनी काय केलं ते मला कळलं होतं.

जेवणं झाल्यावर सुनयना ओढणी सुकवत चुलीपाशी बसली होती. मी लाकूड सारत विचारलं, "किती झाल्या?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग हसू दाबत म्हणाली, "अकरा."

"अकराच? निपाणीची म्हणवतीस?"

"उतारावर पाय सांभाळू का बिड्या वळू?" मग हसू गेलं. "अण्णा, कानडी मला येतंय. दिवसातनं चाळीसदा मीच सांगते पेशंटला, श्वास धरा, आता श्वास सोडा, उसिरु बिडी. तरी तिथं मला आईच ओरडल्यागत झालं. बिडी, बिडी, बिडी. हात चालव म्हणून."

तिची आई तानीबाई. निपाणीला एका खोलीत दिवसाला हजार वळायची. वारा आला की पान सुकतं, जर्दा उडतो, म्हणून दार लावलेलं, खिडकी लावलेली, पंखा नाही. शाळेला जायच्या आधी पोरीनं पंचवीसचा एक कट्टा पुरा करायचा, मगच दार उघडायचं. एकही बिडी कारखान्यात खराब म्हणून छाटून टाकली तर दुसऱ्या दिवशी दोन कट्टे.

"मग दाराची सवय हाय की तुला लहानपणापासनं," मी म्हणालो.

"सवय न्हाय. मोजायचे, अण्णा. पंचवीस झाल्या की दार उघडतंय हे ठाऊक असायचं. लिफ्टमधी कितीवर उघडणार कुणाला ठाऊक?"

चुलीत लाकूड तडकलं. ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही सगळं लिवलंय न्हवं? दाराचं?"

"चारी दिवस."

"चार ओळी हायत्या. पान फाटलं तर वहीला काय होतंय?"

"वहीला काय होत न्हाय. तिकडं शिशाचं दार लागल्यावर तुला काय होईल ते सांग."

"तुम्हाला काय करायचंय? आमच्या गल्लीतली पहिली पोरगी हाय मी मशीनवर बसलेली. सोमवारी काउंटरवरनं उठवतील, मग जाऊ परत आईशेजारी बसायला?"

पान फाडायला हात होईना. मी म्हणालो, "कोठीची खोली हाय. खिडकी न्हाय तिला. उद्या सकाळी आत बसून दाखव. पंचवीस झाल्या तर दाराच्या चारी ओळींवर मी काट मारतो आणि खाली लिवतो, दार लावून बसली."

तिनं ओढणीची घडी घातली. मग म्हणाली, "कडी बाहेरनं घाला. आतनं असली तर मी उघडणार."

पाचव्या दिवशी आठ वाजता आम्ही कोठीपाशी. बस साडेनऊची. बाकीचे ओढ्यावर गेलेले. ती दाराच्या आत जाऊन उभी राहिली, एकदा बाहेर आली, चप्पल काढून ठेवली, परत आत गेली. "मी हाक मारल्याशिवाय काढायची न्हाय," म्हणाली. मी कडी घातली आणि घड्याळ बघितलं.

"एक," आतनं आवाज आला.

ती जोरात मोजत होती. दोन आकड्यांच्या मध्ये साधारण एक बिडी वळायला लागेल एवढाच वेळ. पाचपर्यंत आवाज बरा होता. नऊला पातळ झाला. बाराला तिनं दारावर थाप मारली, एकच. मी कडीवर हात ठेवला. हाक नाही. तेरा आणि चौदा लागोपाठ आले. त्यातली एक छाट असणार, असं मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली.

"सोळा." मग बऱ्याच वेळानं, "सतरा."

त्यानंतर काही नाही.

गव्याच्या वाटेवर दोन-दोन तास न हलता बसलेला माणूस मी. पण त्या दाराबाहेर मला उभं राहवेना. कान लावला. श्वास ऐकू येत नव्हता, नखांचा आवाज नव्हता. मनात तीसपर्यंत मोजलं, आणि कडी काढली.

ती समोरच्या भिंतीला कपाळ टेकून उभी होती. पाठ घामानं भिजलेली. मान वळवून तिनं माझ्याकडं पाहिलं, उजेडानं डोळे बारीक केले.

"मी हाक मारलती?"

"न्हाय."

"मग?"

"मला ऱ्हावलं न्हाय गं."

"अठरावीला दोरा गुंडाळत होते मी," ती म्हणाली. "आठ ऱ्हायल्या हुत्या."

"झाल्या असत्या पुऱ्या?"

ती खोलीतल्या अंधाराकडं बघत राहिली. "आता कसं कळणार? तुम्ही कळूच दिलं न्हाय."

खरं होतं. मी घड्याळ पुढं केलं. "आठ मिनिटं बसलीस. एका फोटोला किती लागतात?"

"पाच."

"मग एक पेशंट झाला की."

"दिवसाला चाळीस असत्यात, अण्णा." तिनं चपला घातल्या. "लिवा. सतरा लिवा. दार कुणी उघडलं तेबी लिवा."

चारी ओळी तशाच राहिल्या. त्यांच्याखाली मी लिहिलं: 'कोठीत दार लावून सतरा. दार मी उघडलं.'

डॉक्टरबाई माझं मराठी अक्षर लावत लावत वाचतात. चार दिवसांच्या चार ओळींवर त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "सतरा काय?"

मी काही बोलायच्या आत सुनयना बोलली. "बिड्या. मेडम, काल मी तुमच्या सांगण्यावरनं सोडलं न्हाय. मी बिड्या वळत होते."

बाईंना उमगायला थोडा वेळ लागला. मग कपाळाला हात लावून हसल्या. कालची चिठ्ठी त्यांनी फाडली. दुसरी लिहिली: सोमवारी रुजू व्हावे, पहिल्या आठवड्यात एका वेळी एकच पेशंट, मध्ये बाहेर येण्याची मुभा.

"हे चालंल त्यांना?" सुनयनानं विचारलं. "त्यांना व्हय किंवा न्हाय पायजे."

"मला जे खरं वाटतं ते एवढंच आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या.

चिठ्ठीची चार घड्या घालून तिनं मुठीत धरली. विक्रम पेटीतला मोबाईल घेऊन आधीच रस्त्यावर उभा होता, नेटवर्क नसलेला मोबाईल कानाला लावून.

बस वेळेवर आली. विक्रम आत जाऊन खिडकीशी बसला. सुनयना चढली आणि पायरीवरच दांडा धरून थांबली. कंडक्टर ओरडला, "ओळग बर्री! बाई, आत सरका, जागा हाय की!"

"दार लावा तुम्ही," ती म्हणाली. "मी हितं उभी ऱ्हाते."

त्यानं खाडकन दार ओढलं. काच घामेजलेली होती. काचेमागं सुनयना दिसत होती, दांड्याला धरून. ओठ हलत होते. कितीवर होती ते बाहेर ऐकू आलं नाही, आणि बस जांबोटीच्या वळणावर गेली.