डँडीची बादली

"काठी घे रे बाबा, काठी!" फाटकाबाहेरून टॉली ओरडला. शेजारच्या मळ्यावरून तो आपली गाय फळवायला घेऊन आला होता.

आपल्या डँडी वळूला बाहेर काढायला निघालेल्या रूबेनने मान उडवली. "काठी कशाला? आमच्या स्वयंपाकघरात वाढलाय हा. विचार एनिडला."

ते खरंच होतं. डँडीला जन्म देऊन त्याची आई मेली, तेव्हा रूबेनच्या बायकोने, एनिडने, त्याला चुलीपाशी पोत्यावर निजवून बाटलीने पाजलं होतं. तिला मूलबाळ नव्हतं; माया कुठेतरी सांडायचीच. पण बाटलीवर वाढलेल्या वळूला माणसाची भीती नसते, त्याच्या नाकातल्या कडीत लांब काठीचा आकडा अडकवल्याशिवाय त्याला बाहेर काढू नये, हे इंग्लंडमधल्या श्रॉपशरच्या त्या खोऱ्यात शेंबडं पोरही जाणत होतं. रूबेनही जाणत होता. पण टॉली बघत होता ना!

त्याने कडीला नुसता दोर बांधला आणि अंगणात येताच खांबाला आवळला. गायीचा वास लागताच डँडीने मान झटकली. कडी नाक फाडून बाहेर आली.

मग त्याच्या अंगात सैतान शिरला. त्याने रूबेनला दगडी भिंतीवर चेपलं, खाली पाडलं आणि गुडघे टेकून डोक्याने रगडू लागला. बरगड्या मोडल्याचा आवाज गोठ्यात बादल्या विसळणाऱ्या एनिडलाही ऐकू आला. टॉली दाताळं घेऊन धावला. दुसऱ्याच क्षणी तो जीव मुठीत धरून भिंतीवर चढला होता. वळू पुन्हा रूबेनकडे वळला.

एनिडने बादलीत दूध ओतलं आणि अंगणात आली.

"सुक, सुक, सुक," तिने हाक मारली. तो लहान असताना मारायची तशीच.

डँडी थबकला. रक्ताने माखलेलं तोंड घेऊन तिच्याकडे आला आणि ते बादलीत घातलं.

टॉलीने हळूच पाय खाली सोडला. लगेच वळूने डोकं वर काढलं.

"इकडे उतरू नकोस!" एनिड म्हणाली. "दूध संपलं की हा परत त्याच्यावर जाईल. स्वयंपाकघराच्या दारामागे बंदूक आहे. भिंतीवरून दे मला."

"अगं, मी मारतो की!"

"तुला जवळ येऊ देईल तो? आण लवकर, मेल्या! माझा नवरा मरतोय तिथे!"

टॉलीने भिंतीपलीकडे उतरून बंदूक आणून दिली. डँडीच्या कपाळावरच्या कुरळ्या केसांत एनिडने बोटं फिरवली. त्याला ते फार आवडायचं. त्याने डोळे मिटले. बोटं होती तिथेच तिने नळी टेकवली आणि चाप ओढला.

डॉक्टर रूबेनला मोटारीतून घेऊन गेले. "वाचेल," म्हणाले. एनिडला सोबत जायचं होतं, पण सड तटतटलेल्या गायी हंबरत होत्या. टॉलीची गाय फाटकाशी तशीच बांधलेली होती; तो बिचारा डँडीवर ताडपत्री घालत होता.

दूध काढून झालं. बादली घासून, भरून एनिड वासरांकडे गेली. कठड्याला नाकं लावून सगळी तिच्या हाकेची वाट बघत होती.

'सुक, सुक' ही हाक तिने मारली नाही. तिने बादली कठड्यावर आपटली. तेवढ्यानेही वासरं धावत आली आणि तिची बोटं चोखू लागली.