झाकलेला नंदादीप

उत्तराला ढग हवे होते आणि फिल्मवर ते येत नव्हते. ठाण्याच्या त्यांच्या घरामागून, खाडीवरून, खडवलीच्या नदीकाठावरून तिने पाच रोल संपवले. झाडं आली, पाणी आलं, गुरंसुद्धा आली. आकाश मात्र धुतलेल्या धोतरासारखं पांढरंफटक. भौतिकशास्त्र घेऊन बी. एस्‌सी. झालेली असल्यामुळे कारण तिला माहीत होतं. साधी फिल्म निळ्या रंगाला हपापलेली. आकाशाचा निळा आणि ढगाचा पांढरा तिला सारखेच. तांबडा, पिवळा ओळखणारी नवी फिल्म हवी आणि भिंगापुढे पिवळी काच.

घाई अशी, की वेधशाळेत ढगांचे फोटो काढून नोंदी ठेवणाऱ्या मदतनिसाची एक जागा निघाली होती. उमेदवाराने स्वतः काढलेले, स्वतः धुतलेले सहा फोटो सोमवारी दुपारी बारापर्यंत हातात द्यायचे. वयाची अट पंचविसाच्या आतली, आणि उत्तराला पुढच्या महिन्यात पंचविसावं पुरं होत होतं. हे हुकलं तर रेशनच्या कचेरीत साखरेची कार्डं लिहिणं होतंच. तीन वर्षं ती तेच लिहीत होती. वडील गेलेले, थोरला भाऊ मधू गेलेला. घरात ती आणि आई, सुमतीबाई.

रविवारी सकाळी ती मामाचा घडीचा कॅमेरा, भिंगाला पिवळी काच लावून, कोलशेतच्या मिठागरांवर गेली. नव्या फिल्मचा एकुलता एक रोल, त्यातले सात फोटो झालेले. वाफ्यातला पावसाळी गाळ ओढणारी मालन दांडा टेकून बघत राहिली.

“काय गो, कुनाचा फोटू काढतंस?”

“ढगांचा.”

“आगो बाय! लगीन ठरलंय काय त्यांचं?”

उत्तरा हसली, आणि हसू ओसरल्यावर श्वास रोखून तिने आठवा, रोलमधला शेवटचा फोटो घेतला. येऊरच्या डोंगरामागून फुलकोबीसारखा वर चढलेला ढग, आणि खाली वाफ्यातल्या पाण्यात तोच उलटा. असा ढग तिला पुन्हा दिसला नसता; पावसाळा सरत आला होता.

आता फिल्म धुवायला काळोख हवा, आणि अडचण देवघराची. स्वयंपाकघराच्या कौलांतून चांदणंसुद्धा गळायचं. घरात खिडकी नसलेली, वर तक्तपोशी असलेली तेवढीच एक खोली. जुन्या फिल्मला तांबडा उजेड चालायचा, म्हणून आधीचे रोल तिने नंदादीपाभोवती तांबडा कागद लावून तिथेच धुतले होते. नव्या फिल्मला मिट्ट काळोख लागत होता, आणि दिवस नवरात्रातले होते. अखंड दिवा.

“आई, फक्त पाव तास.”

“विझवायचा नाही.”

“मग उचलून बाहेर—”

“हलवायचाही नाही. अठ्ठेचाळीस साली सहाव्या माळेला वाऱ्याने गेला होता. मी जेवत होते गं. जेवत होते मी! आणि मार्गशीर्षात आपला मधू...”

मधूला विषमज्वर झाला होता. विहिरीचं पाणी कसं होतं तेही उत्तराला ठाऊक होतं. एकदा तिने ते आईला समजावून सांगितलं होतं. आईने सगळं शांतपणे ऐकलं होतं आणि दोन दिवस अन्न घेतलं नव्हतं.

“झाकला तर?” तिने विचारलं.

“झाकायला काय, सूर्यही झाकला जातो ढगाने. पण जळता राहील ना?”

“राहील. मी करून बघितलंय.”

खरंच बघितलं होतं. तांब्याचा मोठा हंडा पणतीवर उपडा घालून, कडेला ओलं कांबळं दाबून तिने घड्याळ लावलं होतं. पणती सव्वीस मिनिटं जळली. लागणार होती पंधरा. दुप्पट नाही, पण पुरेशी सवड.

दुपारी दाराबाहेर पाट टाकून आई राखणीला बसली. आत उत्तराने हंडा घातला, कांबळं दाबलं, तीन मिनिटं काळोखात थांबून कुठे चीर दिसते का ते पाहिलं. काही नाही. मग फिल्म सोडवली, दोन टोकं दोन हातांत धरली आणि ताटलीतल्या औषधातून खालीवर खेळवू लागली. बाहेरच्या घड्याळाची टिकटिक ती मोजत होती. अकरा मिनिटं खेळवायची होती.

सहाव्या मिनिटाला वास आला. करपट, तेलकट. विझू घातलेल्या वातीचा.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. पणतीत तिने बारीक वात घातली होती. नवरात्राची वात आईने स्वतः वळलेली, करंगळीएवढी जाड. तिला हवाही तेवढीच जास्त लागणार.

पाच मिनिटं. विझला तर विझला. फिल्म हायपोत, चित्र पक्कं करणाऱ्या औषधात, गेली की उजेडाची भीती नाही; काडी ओढायची, आईला कळणारही नाही. हे तिला स्पष्ट दिसत होतं. दाराबाहेर आई पुटपुटत जप करत होती.

“उत्तरा, आहे ना गं दिवा?”

फिल्म तशीच ओल्या हातात लोंबत ठेवून तिने दुसऱ्या हाताने कांबळं ओढलं आणि हंडा उचलला. वातीच्या टोकाला मण्याएवढी निळी ज्योत उरली होती. ती थरथरली, पिवळी झाली, वर आली. त्या उजेडात फिल्मवर क्षणभर काहीतरी उमटलेलं दिसलं. डोंगराची रेघ असावी. ती बघत असतानाच करडेपणा सगळ्या पट्टीवर चढत गेला.

“आहे, आई.”

तिने उरलेली मिनिटं तरीही भरली. मग पाणी, मग हायपो. काळीठिक्कर झालेली पट्टी ज्योतीसमोर धरली तेव्हा दिवासुद्धा पलीकडून दिसेना.

दार उघडल्यावर सुमतीबाईंनी आधी दिव्याकडे पाहिलं, हात जोडले, तेल घातलं. मग त्यांचं लक्ष बादलीकडे गेलं. उत्तरा उकिडवी बसून पाण्यात फिल्म हलवत होती.

“आले का सगळे?”

उत्तराने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून, आईला कळलं नाही.

“बघ, सांभाळलं की नाही देवीने? नीट धू हो. घाई करू नकोस.”

फिल्म अर्धा तास धुवायची असते. उत्तराने पुरता अर्धा तास धुतली.