फिश टँक आणि आत्याचा वॉकर

वॉकर हवा होता आत्याला, आणि तो निवडायला दुकानात गेलो आम्ही तिघं धडधाकट, आई, बाबा आणि मी. आत्याला कुणी विचारलंसुद्धा नाही. "तिला कशाला दगदग," म्हणून बाबांनी विषय मिटवला.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आमच्याकडेच राहते आणि माझ्याच शाळेत पी.टी. शिकवते, हे माझं भाग्य. मागच्या महिन्यात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, आणि अख्ख्या शाळेला मैदानाभोवती पळवणारी बाई हॉलमधल्या पलंगावर बेडपॅनची वाट बघत पडून राहिली. मागायची लाज वाटायची म्हणून पाणीच प्यायची नाही. डॉक्टर म्हणाले, वॉकर घ्या, कमोडवर ठेवायची उंच सीट घ्या, आणि तिला चालत संडासला जाऊ द्या. आत्यालाही तेवढंच हवं होतं. आपल्या पायांनी जायचं, दार लावायचं, एकटीनं बसायचं.

अडचण एकच होती, आणि तिच्यात मासे पोहत होते. हॉलमधून संडास-बाथरूमकडे जाणाऱ्या पॅसेजमध्ये बाबांचा फिश टँक आहे, लोखंडी स्टँडवर, चांगला पलंगाएवढा लांब. टँक आणि भिंत यांच्यामधून माणूस पोट आत ओढून जातो. बाबा त्याला घराची शोभा म्हणतात. ही शोभा रोज माझ्या कोपराला लागते.

सर्जिकलच्या दुकानाचा मालक स्वतःच्या शर्टावरून कमरेचा पट्टा बांधून बसला होता, जाहिरात म्हणून. त्याला काहीही विचारा, उत्तर एकच. "हेच चालतंय सध्या." वॉकर? हेच चालतंय. पलीकडचा? तेही चालतंय. फक्त आमची आत्या चालत नव्हती.

बाबांनी खिशातून टेप काढली. "रुंदीला यापेक्षा कमी?"

"यापेक्षा कमी म्हणजे लहान मुलांचा येतो, साहेब."

बाबांनी तोही मागवून घेतला. त्यावर ओणवे झाले, तेव्हा हँडल त्यांच्या गुडघ्याशी होतं. मग मोठा घेतला आणि काहीतरी सुचल्यासारखे भिंतीला पाठ लावून खेकड्यासारखे आडवे सरकत निघाले. दुकानातली दोन गिऱ्हाइकं बाजूला झाली.

"बघ, आडवं जमतंय की," ते आईला म्हणाले.

"तुमचं हाड शाबूत आहे, बाबा," मी म्हटलं.

"तू मध्ये बोलू नकोस."

मी बोलले. "टँक हलवला तर?"

मी शिवी दिल्यासारखं दोघांनी माझ्याकडे पाहिलं. बाबा म्हणाले, पाणी बदललं की माशांना धक्का बसतो. आई म्हणाली, "घरी गेल्यावर बोलू." आईच्या भाषेत याचा अर्थ, कधीच बोलायचं नाही.

पट्टा बांधलेल्या मालकाला आमच्या अडचणीचा वास लागलाच. त्यानं कमोडची खुर्ची पुढे ढकलली. मऊ सीट, खाली भांडं. "पलंगाशेजारी ठेवा. पेशंटला उठून जायचा त्रासच नाही. सोबत डायपर घेऊन टाका."

बाबांचा चेहरा उजळला. बहिणीला चालायलाच लागणार नाही, याचा एवढा आनंद मी कुणाला झालेला पाहिला नव्हता. वॉकर डॉक्टरांनी लिहून दिलेला म्हणून घेतला, शास्त्रापुरता. उंच सीट मी स्वतः उचलून काउंटरवर आदळली, कारण ती कुणाच्या लक्षातच नव्हती.

घरी आत्यानं खुर्चीला प्रदक्षिणा घातली, नजरेनंच.

"ही कुठे ठेवणार?"

"इथेच, ताई. पलंगापाशी."

"टीव्हीसमोर?"

"पडदा लावू."

"आणि कोणी आलं तर?"

"वरून चादर टाकायची. कळणारही नाही."

"कशावर? माझ्यावर?"

बाबा मासे बघायला गेले. पेच पडला की ते नेहमी माशांना खायला घालतात, म्हणूनच आमचे मासे इतके लठ्ठ आहेत.

आत्यानं मग मला जवळ बोलावून दुकानात काय काय झालं ते विचारलं. मी खेकड्यासकट सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती उठली. मी बाजूला, वॉकर पुढे. टँकपर्यंत नीट गेली, आणि वॉकरचा पाय स्टँडला अडकला. तिनं ओढाओढ केली नाही.

"खुर्ची आण. ती नाही, जेवायची."

मी आणली. आत्या पॅसेजच्या मधोमध बसली, वॉकर पुढ्यात, दोन्ही हात त्यावर. आता तिकडून मुंगीही गेली नसती.

पाच मिनिटांत चहा संपवून, मोबाइल घेऊन बाबा आले. चहानंतर ते थांबू शकत नाहीत, हे सगळ्या घराला ठाऊक आहे.

"ताई, जरा सरक ना."

"जागा नाही रे."

"वॉकरची घडी कर."

"डॉक्टर म्हणालेत, सोडायचा नाही."

"अगं, मला घाई आहे."

"मग आडवा जा. तुला जमतं म्हणे."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे.

"ताई, थट्टा नको."

"थट्टा कसली? हॉलमध्ये नवीकोरी खुर्ची आहे. बस. मी वरून चादर टाकते."

आई स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून हसली. आम्हाला ऐकू येत होतं.

त्यानंतर बाबांनी जो वेग दाखवला, तो मी जन्मात पाहिला नव्हता. जाळीनं मासे बादलीत, नळीनं पाणी मोरीत, मी आणि आई स्टँडच्या दोन टोकांना, आणि मध्ये बाबा, एका पायावरून दुसऱ्या पायावर. धक्का फक्त बाबांना बसला होता. मासे बादलीत मजेत होते. टँक टीव्हीखाली गेला. पॅसेज इतका रुंद आहे हे मला माहीतच नव्हतं.

माशांना शांतता हवी, असं म्हणून बाबांनी बादली बाथरूममध्ये नेली आणि आतूनच दार लोटायला लागले.

"बाहेर," आत्या म्हणाली. "रांगेत ये."

आले. आत्या उठली, वॉकर टाकत, पाऊल उचलत, कुणाचाही हात न धरता आत गेली. दार अर्धवट लागलं आणि परत उघडलं.

"बादली घे."

"ताई, दोन मिनिटं राहू दे गं त्यांना. आत्ताच हलवलंय."

"मला एकटीला बसायचंय."

बाबांनी बादली उचलली आणि पाय आवळून बाहेर उभे राहिले. आतून दार लागलं, आणि बराच वेळ उघडलं नाही.