१.८५ वर थांबलेली काच

मित्रांनो, कॅल्क्युलेटर येण्यापूर्वी इंजिनिअर ज्याच्यावर आकडेमोड करत, तो मी एक जुना स्लाइड रूल आहे. माझं अंग बांबूचं. मध्ये सरकणारी पट्टी आणि तिच्यावर सरकती काच. काचेवर केसाएवढी रेघ आहे. ती थांबेल तिथं उत्तर.

वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये मी बत्तीस वर्षं चिंतामणरावांच्या हाताखाली काढली. त्यांच्या अंगठ्याला कंप होता. काच थांबण्याआधी दोनदा थरथरायची. लेक स्वरदाला ते माझ्यावर वेग बदलायला शिकवत. यान सेकंदाला पावणेआठ किलोमीटर जातं, तर तासाला किती? ती जवळजवळ अठ्ठावीस हजार म्हणायची. ते विचारत, "अठ्ठावीस हजार काय?"

पुढं मी कपाटात गेलो. गेल्या वर्षी चिंतामणराव वारले.

स्वरदा आता पुण्यातल्या एका कंपनीत आहे. अवकाशातून परतणाऱ्या कुपीचं, म्हणजे कॅप्सूलचं, काम करते. मार्चमध्ये ती आईकडे आली आणि आठवण म्हणून तिनं मला लॅपटॉपशेजारी ठेवलं. भर दुपार होती. माझी काच सरकू लागली.

मी स्वतः हलू शकत नाही, मित्रांनो. काच १.८५ वर गेली, दोनदा थरथरली आणि थांबली.

स्वरदानं ती मागं सारली आणि पाणी प्यायला उठली. परतली तर काच पुन्हा तिथंच. तिनं आईला विचारलं. मंदाकिनीबाई उंबऱ्यातच थांबल्या.

"मी आत आलेच नाही गं," त्या हळू म्हणाल्या.

स्वरदानं काच पुन्हा मागं सारली. तिसऱ्यांदा ती दोघींच्या डोळ्यांदेखत १.८५ वर सरकली.

एक नॉट म्हणजे तासाला १.८५ किलोमीटर, हे स्वरदाला पाठ होतं. तिनं तक्ता उघडला. पॅराशूट उघडताना कुपीचा वेग ६०० होता. सगळ्यांनी ते तासाला किलोमीटर धरले होते. तिनं मूळ कागद काढला. ते नॉट होते, म्हणजे अकराशे किलोमीटरच्या वर. नऊशेच्या पुढं ते पॅराशूट टिकणार नव्हतं, आणि उड्डाण नऊ दिवसांवर आलं होतं.

तिनं फोन केला. उड्डाण पुढं ढकललं, पॅराशूट बदललं. पावसाळ्याआधी कुपी समुद्रात अलगद उतरली.

त्या दुपारी फोन ठेवल्यावर ती माझ्याकडे बघत म्हणाली, "बाबा, नॉट होते."

काच हलली नाही.

स्वरदा मला पुण्याला नेणार होती, पण मंदाकिनीबाईंनी नेऊ दिलं नाही. आता मी टेबलावरच असतो. त्या रोज धूळ पुसतात, काचेला मात्र हात लावत नाहीत.

मित्रांनो, आकड्यापुढं त्याचं एकक लिहीत जा. आणि घरातलं माणूस गेलं, तरी त्याची अवजारं कुलपात घालू नका. त्याला ती अजून लागत असतील.