दोन डाव्या बाह्या

“वहिनी, हा कोट घालणाऱ्याचे दोन्ही हात डावे आहेत का गं?”

नणंदेने कोट माझ्यापुढे धरला. उजव्या अंगाची बाही कोपरात भलतीकडेच वळत होती. दुसरी बाही कापताना कापड उलटं करायचं असतं, ते मी केलंच नव्हतं. शिकाऊ पोरी करतात ही चूक, आणि माझी अर्धी हयात कात्रीवर गेलेली!

“तू आधी बस बघू.”

“बसायला फुरसत कुणाला आहे? ह्यांचं अंग पुसायचंय, दवाखान्यात फोन करायचाय...”

“सकाळची गोळी दिलीस ना?”

दिली? पाण्याचा पेला आठवत होता, गोळी आठवेना. डोक्याचा नुसता भुगा झाला होता. बाही उसवता येते. चुकून पोटात गेलेली जास्तीची गोळी कशी उसवायची?

“दिली तिने,” आतून हे म्हणाले. कॅन्सरने माणूस निम्मा झाला, कान मात्र शाबूत. “दोनदा दिली. दुसरी मी उशीखाली ठेवलीय. आधीच चिडली होती ती, म्हणून बोललो नाही.”

मी मटकन खाली बसले आणि पोटभर रडले. आजारपण सुरू झाल्यापासून नणंद मागे लागली होती, मला काहीतरी करू दे म्हणून. मी दर वेळी ‘माझं मी बघते’ म्हणायची आणि चहा पाजून तिला वाटेला लावायची. ताठा, दुसरं काय!

डोळे पुसले. “आजपासून गोळ्या तुझ्याकडे. उद्या दवाखान्यातही तूच ने. आणि चुकलीस तर बघ!”

“झालं! आमची आईच बोलली तुझ्या तोंडून,” ती म्हणाली आणि गोळ्यांचा डबा उचलून घेतला.

कोटाचं कापड थोडं उरलं होतं, एक बाही निघाली असती. मी ते टेबलावर पसरलं. तेवढ्यात हे भिंत धरत बाहेर आले आणि खुर्चीत टेकले.

“दे, उसवतो मी.”

“औषधांनी बोटं बधिर झालीत ना तुमची? टाका कळणार आहे का?”

“दिसतो की.”

कोट मांडीवर घेऊन ते एकेक टाका ओढत राहिले. फार वेळ लागला, पण कापडाला ओरखडासुद्धा उठला नाही. चुकलेली बाही सुटून आली. मी खडूने नवी आखली आणि कात्री हातात घेतली.

“कापड उलटं केलंस ना?”

एरवी असं विचारणाऱ्याची धडगत नसायची.

“केलंय,” मी म्हणाले. “पण तुम्ही एकदा बघा.”