कुंदनच्या नावाचा डबा

मी एक जुना स्टीलचा डबा आहे आणि गेल्या रविवारी, आयुष्यात पहिल्यांदा, मी समोरच्या घरातून रिकामा परत आलो.

नाही, मित्रांनो, तसं काही झालेलं नाही. मी काही बोललोच नाही असं समजा. आपण जन्मापासून सुरू करू. जन्मात काळजीचं काही नव्हतं.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. तेव्हा मी पत्रा होतो आणि पत्र्याच्या फारसं लक्षात राहत नाही. माझी पहिली आठवण भांड्यांच्या दुकानातली आहे. यंत्राची सुई माझ्या पोटावर टकटक नाचली आणि ठिपक्याठिपक्यांनी अक्षरं उमटली: 'चि. कुंदन भगवान घरत, बारसे, जासई'. कुंदनच्या मामाने मला बारशाला आणलं. म्हणजे कुंदन आणि मी एकाच वयाचे. तो पुढे सहा फूट वाढला. मी होतो तेवढाच राहिलो, फक्त माझी एक कडी तुटली.

पुढे घरत कुटुंब जासई सोडून जुईनगरला तिसऱ्या मजल्यावर राहायला आलं. समोरच्या दारात साताऱ्याकडचे नंदकुमार आणि त्यांच्या पत्नी वैशालीवहिनी राहत. पहिल्याच आठवड्यात कुंदनच्या आईने, भागीरथीबाईंनी, मला कोलंबीच्या कालवणाने भरून समोर धाडलं. दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो, म्हणून मी शेंगदाण्याची चटणी घेऊन आलो. मग पुन्हा कालवण, पुन्हा थालीपीठ. त्या दोन दारांमध्ये सहा पावलं आहेत. अठरा वर्षं माझा प्रवास तेवढाच. पण दोन्ही घरांत 'डबा आला' असंच म्हणत, 'कालवण आलं' असं कुणी म्हणत नसे. एवढा मान मला पुष्कळ होता.

कुंदनचे वडील भगवानभाऊ तोंडाचे फटकळ. "नंदू, तुज्या बायकोची चटनी चांगली, पन तुजं डोकं लय तिखट हाय," असं तोंडावर सांगायचे आणि वर दुसरी भाकरी मागायचे. नंदकुमार म्हणजे त्यांच्या अगदी उलट. ते सोसायटीचे सचिव. पाण्याची टाकी धुवायची असली तरी नोटिशीत 'सन्माननीय सभासदांस सविनय' लिहायचे.

यंदा दूरच्या समुद्रात युद्ध पेटलं. कुंदन तिकडेच एका मालवाहू जहाजावर नोकरीला होता. एका मंगळवारी त्याचा फोन बंद झाला, तो लागेचना. भागीरथीबाई मला दिवसातून तीन-तीनदा घासू लागल्या. माझं नाव पुसलं जाईल, अशी मला भीती वाटू लागली.

भगवानभाऊंनाही राहवेना. ते बातमीच्या व्हिडिओखाली मत मांडू लागले. टाइप करायची त्यांची मुलगी नमिता. ते सांगायचे, "लिव, तुजं टकुरं ठिकान्याव हाय का? लराई म्हंजे काय क्रिकेट हाय?" नमिता लिहायची, 'महोदय, आपल्या प्रकृतीविषयी चिंता वाटते. युद्ध हा खेळ नव्हे.' वर नाव दिसायचं: एक जागरूक नागरिक.

या नागरिकाला रोज उत्तर द्यायचा 'रोखठोक ७२' नावाचा एक माणूस. 'असल्यांना पोत्यात घालून सीमेवर टाका,' असं तो लिहायचा. तो हे कुठून लिहायचा, ते मी डोळ्यांदेखत पाहत होतो. समोरच्या घरात, जेवणाच्या टेबलावर, 'सविनय' लिहिणाऱ्या त्याच बोटाने नंदकुमार हे टाइप करत. वैशालीवहिनी म्हणायच्या, "अहो, जेवा आधी. युद्ध गार होत नाही, कालवण होतं."

आपण कुणाशी भांडतोय हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. दोन्ही स्वयंपाकघरांत जाणं-येणं फक्त माझं. मी झाकण खडखडवून पाहिलं. भागीरथीबाईंनी त्यावर वरवंटा ठेवला.

आणि रोज संध्याकाळी नंदकुमार दार उघडून खरोखर काळजीने विचारत, "भगवानभाऊ, कुंदनचा फोन?"

"नाय रे नंदू."

मग ते आत जाऊन पुन्हा टाइप करायला बसत.

शनिवारी जागरूक नागरिकाने लिहिलं, 'त्या जहाजांवर आपली मुले आहेत.' रोखठोकने उत्तर दिलं, 'एक जहाज बुडालं तर आभाळ कोसळत नाही. देश आधी.' दीड हजार लोकांना ते आवडलं. नमिताने ते वाचून दाखवलं. या वेळी भगवानभाऊंनी तिच्या हातातला मोबाइल घेऊन पालथा ठेवला. मला उचललं, कोरडा असतानाही फडक्याने पुसलं आणि जागेवर ठेवलं.

रविवारी दुपारी मी कोलंबी घेऊन समोर गेलो. त्या दिवशी रोखठोकला कुणीतरी विचारलं होतं, तुम्ही स्वतः देशासाठी काय सोसता? नंदकुमारांनी लगेच ताटाचा फोटो टाकला. भाकरी, कांदा आणि खाली ओळ: 'साधं जेवण, पक्का देशभक्त'. कोलंबी दिसू नये म्हणून त्यांनी माझं झाकण लावलं होतं. कोलंबी झाकली, मित्रांनो. नाव झाकायचं राहिलं.

दहा मिनिटांत बेल वाजली. दारात भगवानभाऊ. हातात मोबाइल, मोबाइलवर तोच फोटो बोटांनी ताणून मोठा केलेला, आणि फोटोत मी, ठिपक्याठिपक्यांसकट.

"वहिनी, आमचा डबा द्या."

"अहो भगवानभाऊ, तसाच कसा देऊ? थांबा, लाडू घालते."

"रिकामाच द्या."

वहिनींनी कोलंबी दुसऱ्या भांड्यात काढली आणि मला विसळलं. नंदकुमार उठून आले. आता शिवी येणार म्हणून मी डोळे मिटणार होतो, पण डब्याला तशी सोय नसते. आणि शिवी आलीच नाही.

"नमस्कार, नंदकुमार साहेब," भगवानभाऊ म्हणाले. "त्या जहाजाव बावीस जनं हायेत. त्यातल्या एकाचं नाव ह्या डब्याव हाय. तुमचा आभारी हाय."

अठरा वर्षांत नंदू कधी साहेब झाला नव्हता. इतकं सभ्य बोलणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं आणि पुन्हा ऐकायची माझी तयारी नाही.

नंदकुमारांनी ती जहाजाची कमेंट त्याच दिवशी काढून टाकली. पण तोवर लोकांनी तिचे फोटो काढून पाठवले होते. सोमवारी एका रिक्षावाल्याने ती त्यांनाच वाचून दाखवली आणि विचारलं, "साहेब, काय बोललाय ना कोनीतरी?" साहेब सिग्नलला उतरून चालत घरी आले.

आज, बुधवारी सकाळी, कुंदनचा फोन आला. "आई, मी ठीक आहे. जेवलो," एवढं बोलला आणि लाइन तुटली. भागीरथीबाई रडल्या आणि लगेच कोलंबी सोलायला बसल्या. मला काठोकाठ भरून त्यांनी भगवानभाऊंच्या हातात दिलं. "जा, देऊन या. सांगा त्यांना, पोराचा फोन आला."

"मी नाय जात."

पण गेले. बरोबर तीन पावलं. मग मला मधल्या चपलांच्या रॅकवर ठेवून मागे फिरले.

थोड्या वेळाने समोरचं दार किलकिलं झालं. नंदकुमार बाहेर आले. माझ्यावरचं नाव वाचलं, हात पुढे केला, मागे घेतला, आत गेले. हे आतापर्यंत चार वेळा झालं आहे. दुपारचे दोन वाजले आहेत. उकाडा वाढतो आहे आणि कोलंबी माझ्या पोटात आहे. पोराचा फोन आला हे नंदकुमारांना अजून माहीत नाही. मला माहीत आहे.

सबब, मा. सक्षम अधिकारी यांस विनंती की, युद्धकाळात राजकीय मत मांडू इच्छिणाऱ्या प्रत्येक नागरिकाने आपले मत प्रथम डब्यात भरून, सहा पावले चालून, समोरच्या दारात स्वहस्ते द्यावे व घेणाऱ्याचे तोंड पाहून मगच ते प्रसिद्ध करावे, असा आदेश तातडीने काढण्यात यावा. मत कितीही तिखट असले तरी हरकत नाही. तसेच अर्जदारास तिसऱ्या मजल्यावरील चपलांच्या रॅकवरून उचलण्याकरिता एक हात, कोणत्याही बाजूचा, कोलंबी खराब होण्यापूर्वी मंजूर करण्यात यावा.